माशाला जखम झाली तर काय करायचं, आणि मुळात होऊच नये म्हणून काय बघायचं

टँकमधल्या माशाची शेपूट फाटलेली दिसली किंवा खवले उडून अंगावर लाल डाग पडलेला दिसला की बरेच जण पहिलं काम काय करतात तर औषधाची बाटली उघडतात, निळं पिवळं जे हाताशी असेल ते टाकतात, मासा अजून सुस्त झाला की त्याच्यावर दुसरं औषध टाकतात, आणि या सगळ्यात ज्या कारणाने जखम झाली ते टँकमध्ये तसंच राहतं. प्लीज असं करू नका. माशाची साधी जखम आपली आपण भरते, फाटलेला पर परत येतो, गेलेले खवले परत येतात, पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. पाणी स्वच्छ पाहिजे आणि जखम करणारी गोष्ट तिथून हलली पाहिजे. औषधाचा नंबर त्याच्यानंतर, आणि कित्येक वेळा औषध लागतच नाही.

हे का ते आधी समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात क्षारांचं प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतं, त्यामुळे बाहेरचं पाणी सारखं आत शिरत असतं आणि आतले क्षार बाहेर जात असतात. कातडी, खवले आणि वरचा तो बुळबुळीत थर मिळून हे बऱ्यापैकी अडवून धरतात. जखम झाली की तेवढ्या भागातला अडसर गेला, मग आत आलेलं जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकण्यात आणि गेलेले क्षार परत मिळवण्यात माशाची ताकद खर्च होते, आणि तीच ताकद जखम भरायला लागणार असते. शिवाय तो बुळबुळीत थर जंतूंनाही लांब ठेवतो. म्हणून जखमी माशाला घाण पाणी जास्त बाधतं, आणि म्हणूनच थोडं मीठ उपयोगी पडतं, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

आधी पाच मिनिटं नुसतं बघा

जाळी घेऊन लगेच मागे लागू नका. टँकसमोर शांत बसा आणि बघा की मासा पोहतोय कसा, कल्ले किती जोरात हलतायत, खायला येतोय का, कोण त्याच्या मागे लागतंय का. जखम कुठे आहे यावरून कारणाचा अंदाज येतो. शेपटीचे आणि परांचे लचके तोडल्यासारखे तुकडे गेले असतील तर बहुतेक दुसरा मासा कुरतडतोय. एकाच बाजूचे खवले गेलेत आणि बाकी ठीक आहे तर कुठेतरी घासला किंवा आपटला. अंगावर पांढरट पट्टा आहे आणि मासा हीटरला चिकटून बसणारा आहे तर भाजलं असण्याची शक्यता धरा. आणि परांमध्ये लाल रेषा आल्यात आणि हे एकापेक्षा जास्त माशांना दिसतंय तर मार लागलेला नाही, पाण्यात गडबड आहे, अमोनिया म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष तपासा.

एक गोष्ट इथे खूप जणांच्या नजरेतून सुटते. मासा दगडावर, वाळूवर अंग घासत असेल तर जखम घासल्यामुळे झालेली असते, पण घासतोय कशामुळे तर अंगाला खाज सुटलीय म्हणून, आणि खाज येते परजीवींमुळे किंवा खराब पाण्यामुळे. अंगावर मिठाच्या कणांसारखे बारीक पांढरे ठिपके दिसले तर तो व्हाइट स्पॉट म्हणजे इक आहे, त्याची ट्रीटमेंट वेगळी. तो बरा केल्याशिवाय जखमा थांबणार नाहीत.

फाटलेला पर आणि सडणारा पर यातला फरक पण ओळखता आला पाहिजे. नुसता फाटलेला असेल तर चीर सरळ असते, कडा स्वच्छ असते, आणि थोड्या दिवसांत कडेला पारदर्शक पापुद्रा दिसायला लागतो, ती नवीन वाढ आहे, रंग त्यात नंतर भरतो. तो पारदर्शक भाग बघून घाबरून औषध टाकणारे खूप आहेत. सडत असेल तर कडा दातेरी, विरघळल्यासारखी, पांढरट किंवा लालसर किंवा काळपट असते आणि रोज थोडी थोडी आत सरकते. नुसत्या डोळ्यांनी रोजचा फरक कळत नाही, म्हणून रोज साधारण एकाच वेळी एकाच बाजूने फोटो काढा, फ्लॅश न मारता. सड मुळापर्यंत, म्हणजे पर जिथे अंगाला जोडलेला असतो तिथपर्यंत गेली तर तो पर परत येईलच असं नाही, म्हणून इथे उशीर करायचा नाही.

लगेच काय करायचं

अमोनिया आणि नायट्राइट टेस्ट करा. दोन्ही शून्य पाहिजेत, थोडं चालतं वगैरे काही नसतं, जखमी माशाला तर नाहीच. टेस्ट किट नसेल तरी पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवीन पाण्याचं तापमान टँकएवढं पाहिजे आणि नळाचं पाणी असेल तर अँटी क्लोरीन टाकल्याशिवाय घालायचं नाही, कारण क्लोरीन कल्ल्यांना आणि उघड्या जखमेला दोन्हीकडे लागतो. त्याच दिवशी फिल्टर धुवायला घेऊ नका. लोक उत्साहात सगळंच साफ करतात, स्पंज नळाखाली धरतात, त्यात अमोनिया खाणारे चांगले बॅक्टेरिया मरतात आणि मग जखमी मासा आणि वर अमोनिया अशी दुहेरी आपत्ती येते.

मग कारण हलवा. टोकदार दगड असेल तर बाहेर काढा. मारकुटा मासा असेल तर त्याला वेगळा करा, आणि हो, शक्यतो मारणाऱ्याला काढा, मार खाल्लेल्याला नको, कारण मार खाल्लेल्याला पकडायचं म्हणजे त्याच्या अंगावर अजून एकदा जाळी घासायची. लाइट कमी करा किंवा दिवसभर बंद ठेवला तरी चालेल. एअर स्टोन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड, चालू करा. खाणं थोडं द्या आणि उरलेलं काढून टाका.

हात लावायची वेळ आलीच तर हात ओले करून लावा, कोरड्या हाताला तो बुळबुळीत थर चिकटून निघून येतो. आणि हाताला साबण, क्रीम, सॅनिटायझर काही नको.

मीठ कसं वापरायचं

साधं खडेमीठ किंवा अ‍ॅक्वेरियम सॉल्ट, ज्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पावडर, सुगंध वगैरे काही मिसळलेलं नाही असं. एप्सम सॉल्ट वेगळी गोष्ट आहे, ते मॅग्नेशियम सल्फेट असतं आणि सूज उतरवायला वापरतात, या दोघांची अदलाबदल करू नका.

प्रमाण म्हणाल तर लिटरला 1 ग्रॅमपासून सुरू करा, म्हणजे 10 लिटरला 10 ग्रॅम. चहाचा सपाट चमचा साधारण 5 ते 6 ग्रॅमचा होतो पण मिठाच्या खड्यांवर ते बदलतं, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल तर तोच वापरा. मोठी जखम असेल आणि मासा मीठ सोसणारा असेल, जसं की गोल्डफिश, गप्पी, मॉली, तर दोन तीन दिवसांत हळूहळू लिटरला 3 ग्रॅमपर्यंत नेता येतं. कॉरी, लोच यांसारख्या नेहमीचे खवले नसलेल्या माशांना आणि नाजूक टेट्रांना 1 ग्रॅमच्या पुढे नेऊ नका. मीठ थेट टँकमध्ये कधीच टाकायचं नाही, टँकचंच पाणी मगमध्ये घ्या, त्यात पूर्ण विरघळवा आणि दिवसभरात दोन तीन वेळा करून घाला. बऱ्याच पाणवनस्पतींना आणि गोगलगायींना मीठ सोसत नाही, त्यामुळे झाडांचा टँक असेल तर मीठ वेगळ्या टँकमध्येच.

आता जिथे गोंधळ होतो तो भाग. पाणी आटलं की फक्त पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. म्हणून आटलेलं पाणी भरताना मीठ घालायचं नाही, साधं पाणी भरायचं. पाणी बदलताना मात्र जेवढं पाणी काढलं तेवढ्याच पाण्याचं मीठ परत घालायचं. 10 लिटर काढलं तर 10 लिटरचंच. हा हिशोब चुकला की मीठ वाढत जातं आणि मासा जखमेने नाही तर मिठाने हैराण होतो. आठवडा दहा दिवस ठेवा, जखम बंद झाली की नुसत्या साध्या पाण्याने बदल करत मीठ आपोआप उतरवत आणा. कायमचं मीठ ठेवायची गरज नाही.

समुद्री माशांचं गणित उलटं असतं, वरचं काहीही त्यांना लावू नका.

वेगळा टँक कधी करायचा

छोटी चीर आहे, कोणी त्रास देत नाहीये, खातोय, तर काढूच नका. कळपाने राहणारा छोटा मासा एकटा पडला की घाबरून अजून खंगतो. पण जखम खोल असेल, बाकीचे टोचा मारत असतील किंवा औषध द्यायचंच असेल तर वेगळा टँक करा.

छोट्या माशाला 20 ते 30 लिटर पुरतं, ऑस्कर फ्लॉवरहॉर्नसारख्या मोठ्याला त्याच्या अंगाप्रमाणे मोठं भांडं लागेल. तळाला खडे वाळू काही नको म्हणजे घाण दिसते आणि काढता येते. एक स्पंज फिल्टर, शक्यतो मोठ्या टँकमध्ये आधीपासून चालू असलेला, कारण त्यात बॅक्टेरिया तयार असतात. मला विचाराल तर एक जादा स्पंज कायम मोठ्या टँकच्या कोपऱ्यात चालू ठेवून द्यावा, अडीअडचणीला त्याच्यासारखी कामाची दुसरी वस्तू नाही. हीटर, झाकण, आणि लपायला प्लास्टिक पाइपचा गुळगुळीत कडांचा तुकडा. पाणी मोठ्या टँकचंच भरा. तयार स्पंज नसेल तर रोज पाव ते अर्धं पाणी बदलावं लागेल, त्याला पर्याय नाही, कारण छोट्या पाण्यात अमोनिया फार पटकन वाढतो.

पांढरं काही दिसलं तर

जखमेवर पहिल्या काही दिवसांत पातळ दुधट पापुद्रा येणं हे ठीक आहे, ते भरणं चालू आहे. पण कापसाचे धागे बाहेर उभे राहिल्यासारखे दिसले तर ती बुरशी, बहुतेक वेळा सॅप्रोलेग्निया. ही मेलेल्या मांसावर धरते आणि तिथून पसरते. याला मिथिलीन ब्लू किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध चालतं, पण वेगळ्या टँकमध्येच द्या, मिथिलीन ब्लू फिल्टरमधले बॅक्टेरिया मारतं आणि टँकच्या काचा जोडणाऱ्या सिलिकॉनला कायमचा निळा डाग देतं, आणि मॅलाकाइट ग्रीन खवले नसलेल्या माशांना जड जातं.

दुसरा प्रकार जास्त घातक आहे आणि दिसायला जवळपास तसाच. ओठांभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा करडा पांढरा, चपटा, कधी कडेला पिवळसर डाग येतो आणि एक दोन दिवसांत भराभर वाढतो. हा कॉलम्नॅरिस, हा बॅक्टेरिया आहे, बुरशीचं औषध याच्यावर भरवशाचं नाही. आणि हा गरम पाण्यात जास्त वेगाने वाढतो, त्यामुळे मासा आजारी दिसला की हीटर वाढवा हा सल्ला इथे जीवावर बेतू शकतो. मासे बघणारा पशुवैद्य गाठा आणि अँटिबायोटिक त्यांच्या सांगण्यावरूनच द्या. अंदाजाने अर्धवट अँटिबायोटिक टाकलं की जंतू मरत नाहीत, उलट औषधाला निगरगट्ट होतात.

कोणतंही औषध टाकायच्या आधी फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. आणि पाणी खरंच किती लिटर आहे ते काढा. लांबी रुंदी उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि 1000 ने भागा. 60 बाय 30 बाय 30 चा टँक 54 लिटरचा होतो, पण वरची मोकळी जागा आणि खाली खडे धरले तर प्रत्यक्ष पाणी 45 च्या आसपास असतं, डोस त्या पाण्याचा काढायचा. तांबं असलेली औषधं कोळंबी आणि गोगलगायींना मारतात, लेबल वाचा.

गोल्डफिशला जखमेच्या जागी काळे डाग आले तर घाबरू नका, बऱ्याचदा भरत आलेल्या जागेवर असा काळा रंग येतो आणि पुढे जातो. फक्त आधी कुठली जखम दिसली नव्हती आणि अचानक काळं आलं तर अमोनिया बघा, अमोनियाने भाजलेलं भरतानाही असंच दिसतं.

डोळा, तोंड आणि काही वेगळ्या केसेस

माशाला आपल्यासारख्या पापण्या नसतात, डोळा कायम उघडा, त्यामुळे आपटला की पहिला मार तिथे. एकच डोळा पांढरा झाला किंवा सुजला तर बहुतेक मार आहे, दोन्ही सुजले तर पाणी किंवा आतलं इन्फेक्शन. मार असेल तर अंधुक उजेड आणि स्वच्छ पाणी एवढ्यावर वरवरचा पांढरेपणा बऱ्याचदा जातो. माणसाचे ड्रॉप घालू नका. डोळा गेलाच तरी मासा जगतो आणि चांगला जगतो, फक्त खाणं रोज एकाच जागी टाका म्हणजे त्याला सापडतं.

गोल्डफिश तोंड उघडं ठेवून फिरतोय आणि खात नाहीये तर घशात खडा अडकलाय का बघा. हा प्रकार टाळायचा तर वाळू एकदम बारीक ठेवा किंवा खडे त्याच्या तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे ठेवा. अडकलेला खडा स्वतः चिमट्याने ओढायला जाऊ नका, जबडा फार नाजूक असतो.

कॉरी, सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) यांच्या परांचे काटे जाळीत अडकले तर ओढू नका, जाळी कापा. मासा पाण्यात ठेवूनच कात्रीने काट्याच्या आजूबाजूचे धागे कापा आणि सोडून द्या, एखादा धागा राहिला तर तो नंतर सुटतो. जाळी नवीन आणता येते.

उडी मारून जमिनीवर पडलेला मासा कोरडा दिसला तरी मेलाय असं धरू नका, आधी कल्ले हलतायत का बघा. ओल्या हाताने उचला, टँकच्याच पाण्यात ठेवा, अंगाला चिकटलेला कचरा चोळून काढू नका, पाण्यात तो सुटतो. एअर स्टोनजवळ सरळ धरा म्हणजे तोंडातून पाणी आत जाऊन कल्ल्यांवरून जाईल. मागे पुढे हलवू नका, मागे ओढल्यावर पाणी कल्ल्यांमधून उलटं जातं. सावरला की पुढचे काही दिवस बारीक लक्ष ठेवा, कारण जमिनीवर तडफडताना तो बुळबुळीत थर गेलेला असतो आणि बुरशी नंतर धरते.

मोठ्या माशाच्या जखमेवर पोव्हिडोन आयोडीन लावतात हे खरं आहे, पण कल्ल्यांना किंवा डोळ्यांना लागलं तर मोठं नुकसान होतं, आणि छोट्या माशाला त्यासाठी पाण्याबाहेर काढणं हीच जास्त मोठी इजा आहे. माझं मत स्पष्ट आहे, हे काम पशुवैद्यावर सोडा. त्यांच्याकडे जाताना व्हिडिओ, पाण्याचे रीडिंग आणि आतापर्यंत काय काय टाकलं त्याची यादी घेऊन जा. कल्ल्यापर्यंत गेलेली जखम, आडवा पडलेला मासा, पोटावर फाटलेलं, यात घरी वेळ घालवू नका.

जखम होऊ नये म्हणून

टँकमध्ये जाणाऱ्या प्रत्येक वस्तूवरून पातळ नायलॉनचा मोजा फिरवा. मोजा अडकला तर फायटर माशाचा लांब पर पण अडकणार. कडक प्लास्टिकची झाडं यात जवळजवळ नेहमी नापास होतात, सिल्कची किंवा खरी झाडं ठेवा. दगड एकावर एक रचले असतील तर ते थेट काचेवर टेकवून पक्के करा आणि मग वाळू घाला, नाहीतर वाळू उकरणारा मासा ते स्वतःच्याच अंगावर पाडतो. फिल्टरच्या तोंडावर स्पंज बसवा, हीटरवर जाळीचा गार्ड बसवा, विशेषतः सकर असेल तर. झाकण असू द्या आणि वायरीसाठी ठेवलेली फट पण बुजवा, मासे बरोबर तिथूनच बाहेर पडतात. अंधारात एकदम टँकचा लाइट लावू नका, आधी खोलीतला लावा, दचकून काचेवर आपटणं हे जखमेचं फार कॉमन कारण आहे. काचेवर टकटक तर कोणालाच करू देऊ नका.

पण सगळ्यात जास्त जखमा चुकीच्या जोडीदारांमुळे होतात. टायगर बार्ब दोन तीन ठेवले की ते बाकीच्यांचे पर कुरतडतात, आठ दहा ठेवले की बरेचसे आपसातच गुंततात, तरीही एंजल आणि फायटरबरोबर त्यांना ठेवूच नका. दोन नर फायटर एकत्र कधीच नाही. गप्पीमध्ये एका नराला दोन तीन माद्या ठेवा नाहीतर माद्यांना दिवसभर विश्रांती मिळत नाही. काही सकर मोठे झाले की रात्री गोल्डफिश आणि डिस्कससारख्या रुंद अंगाच्या माशांना चिकटून तो बुळबुळीत थर खातात, सकाळी अंगावर गोल ओरखडे दिसले तर रात्री टॉर्चने बघा. सिक्लिड जोडी अंडी घालायच्या तयारीत असली की अर्धा टँक त्यांचा होतो, त्या वेळी बाकीच्यांना दुसरीकडे हलवणं एवढंच हातात असतं. लपायच्या जागा माशांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवा आणि प्रत्येकीला दोन तोंडं असू द्या, एकच तोंड असलं की मारकुटा तिथे उभा राहतो आणि आतला अडकतो.

पकडताना एका जाळीने पाठलाग करण्यापेक्षा डबा पाण्यात धरा आणि जाळीने हळूच त्यात हाकला, म्हणजे जाळी अंगाला लागत नाही.

बरा झालेला मासा परत मोठ्या टँकमध्ये सोडायचा असेल तर आधी खारट पाणी हळूहळू साध्यावर आणा, सोडायच्या आधी दगड आणि झाडांच्या जागा बदला म्हणजे बाकीच्यांनी आखलेल्या हद्दी मोडतात, सगळ्यांना थोडं खायला घाला, लाइट बंद करा आणि मग सोडा. पुढचा तासभर टँकसमोरच थांबा. एखादा धक्का, एखादा पाठलाग चालतो, पण कोणी त्याला कोपऱ्यात धरून ठेवत असेल तर त्याच दिवशी मारकुट्याला बाहेर काढा.